दिवसाला दहा प्रश्न

शेअर बाजार मला कळतो, हे आधीच सांगून टाकतो. ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात सोळा वर्षं वाणिज्य शिकवतोय, गंमत नाही! त्यात गेल्या महिन्यात मी लॅपटॉपवर एक एआय मदतनीस बसवला. आपण साध्या मराठीत बोलून विचारायचं, तो बाजाराचा सगळा डेटा स्वतः धुंडाळतो आणि मराठीतच उत्तर देतो. तक्ते नकोत, आकडेमोड नको! फुकटात दिवसाला दहा प्रश्न. दहा म्हणजे झाले की! शहाण्या माणसाला एक पुरतो.

पहिलं गिऱ्हाईक मीच हेरलं. आमच्या गल्लीत कमरुद्दीनभाई फर्निचर बनवतात. हाताने रंधा मारून मारून बिचाऱ्यांचा खांदा कामातून गेलाय. वरोऱ्याला एक जुनी रंधा मशीन विकायला निघाली होती. मालकाने त्यांना निक्षून सांगितलं होतं, "पैसे दोन दिवसांनी दिले तरी चालतील, पण उद्या संध्याकाळी सातच्या आत मशीन उचला. नाहीतर दुसऱ्याला देतो." भाईंचा पैसा होता एका सिमेंट कंपनीच्या शेअरमध्ये.

"घाई करून विकू नका," मी आदल्या दिवशीच बजावलं. "उद्या अडीचला या. विकायचे की थांबायचे, ते यंत्रच सांगेल. साडेतीनला बाजार बंद व्हायच्या आत तुमचा निकाल!"

"तुमी म्हणता तं येतो सर," भाई म्हणाले.

ठरल्याप्रमाणे अडीचला आले. पाठोपाठ शेजारचे देवरावभाऊ आले, वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांना बोलावलं नव्हतं, पण त्यांना बोलवावं लागत नाही. ज्योत्स्नाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, चहाचं आधण ठेवलं. मी माइक चालू करून ऐटीत म्हणालो, "बोला भाई! घरच्या माणसाशी बोलता तसं बोला!"

इथेच माती खाल्ली. आमच्याकडे घरच्या माणसाला कुणी एकदम कामाचं विचारतं का?

"सलाम भाऊ," कमरुद्दीनभाई लॅपटॉपसमोर वाकून म्हणाले, "जेवण झालं का?"

"मी संगणकीय मदतनीस आहे. मी जेवत नाही. नऊ प्रश्न उरले."

"अगं बाई! दिवसभर उपाशी?" स्वयंपाकघरातून ज्योत्स्ना ओरडली.

"होय. आठ प्रश्न उरले."

देवरावभाऊंनी खुर्ची पुढे ओढली. "कोण्या गावचा रे तू?" सात! "मंग घरी कोण कोण आहे?" सहा!

"देवरावभाऊ, प्रश्न संपून राहिले ना!" मी कळवळलो.

"काऊन संपतीन? बोलाचे पैसे लागते का?"

"नाही. माझ्याशी बोलणे विनामूल्य आहे. पाच प्रश्न उरले."

बाहेर कुठलीशी गाडी सारखी हॉर्न वाजवत होती. भाई दर मिनिटाला घड्याळ पाहत होते, कपाळावर घाम. बाजार बंद होईल या धास्तीने माणूस अर्धा झाला होता! मी उठून खिडकी लावली आणि माइकमध्ये घाईघाईने कंपनीचं नाव घेतलं. "विकू की थांबू?"

"कोणत्या बाजारातला भाव पाहू, मुंबई की राष्ट्रीय? चार प्रश्न उरले."

"कोणताही पाहा रे बाबा, काय फरक पडतो?"

"किती काळाचा पाहू? तीन प्रश्न उरले."

"भाई, तुम्हाला काय वाटतं, किती काळाचा पाहावा?"

"मला काही वाटत नाही," भाईंच्या आधी यंत्रच बोललं. "दोन प्रश्न उरले."

तेवढ्यात चहा आला. "भाई, साखर कमीच ना तुम्हाला?" ज्योत्स्नाने विचारलं.

"साखर उद्योगात आज किंचित घसरण आहे. एक प्रश्न उरला."

तीन वाजून वीस मिनिटं! माझा तोल सुटला. मी हात जोडून किंचाळलो, "आता सगळे गप्प बसता का?"

"'गप्प बसता का' या नावाची कंपनी बाजारात नोंदलेली नाही. आजचे प्रश्न संपले. आपला दिवस शुभ जावो."

मी डोकं धरून खाली बसलो. "भाई, माफ करा. दहाच मिनिटं राहिली. विकायचे की नाही, ते आता तुम्हीच ठरवा."

"विकले ना सर. सकाळीच."

"काय?"

"सकाळी भाव पाह्यला. मशीनपुरते होऊन राह्यले होते. लेकीले, आफ्रीनले म्हटलं, टाक बेटा विकून."

सोळा वर्षं वाणिज्य शिकवलं, पण हे मला सुचलं नव्हतं. मी कसंबसं विचारलं, "मग सारखं घड्याळ कशाला बघत होता?"

"मशीन आणाले सांगितलेली बिरजूची पिकअप उभी आहे ना बाहेर, तीन वाजल्यापासून. रस्ता खराब, वरोऱ्याले पोचाले चार घंटे लागते."

"अहो, मग उठून जायचं होतं!"

"कसा उठू सर? तुमी माह्यासाठी इतकं करून राह्यले. बाईनं चहा ठेवला. उठून जाणं बरं दिसते का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाईंची मशीन बुडाली असती तर ती बाजारामुळे नव्हे, माझ्यामुळे बुडाली असती! तशाच चपला चढवून मीही पिकअपमध्ये बसलो. बिरजूने वाटेतल्या चिमूरपर्यंत गाडी अशी हाणली की माझी आतडी जागा बदलून आली. सातला पाच मिनिटं कमी असताना पोहोचलो. मालक कुलूप हातात घेऊनच उभा होता, पण मशीन मिळाली!

आता तरी उपयोगी पडावं म्हणून मी बाह्या सरसावल्या आणि मशीनची एक बाजू धरली. ती जागची हललीही नाही. बिरजू आणि मालक एकमेकांकडे पाहू लागले.

भाईंनी अदबीने मला बाजूला घेतलं. "सर, राहू द्या. तुमी फक्त गाडीचा मागचा फाळका धरा."

मी धरला. घट्ट धरला हो!