मामांनी पान उलटलं

भाचीच्या पियानोवादनाचा कार्यक्रम तोंडावर आला आणि तिची पानं उलटणारी मैत्रीण जिन्यावरून पडून मनगट प्लास्टरमध्ये घालून बसली. घरात सगळ्यांची तोंडं उतरली. समोर स्वरलिपीचा कागद असल्याशिवाय भाची एक सूर वाजवत नसे, आणि दोन्ही हात गुंतलेले असताना पान उलटणार कोण?

मामा म्हणाले, "मी आहे की."

मामांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. चहा निवायच्या आत अख्खं वर्तमानपत्र वाचून वर त्यातल्या चुका काढणारा माणूस. त्याला पाच रेषांवरचे काळे ठिपके काय जड? ते हात धुऊन मागे लागले. दाढी करताना, बसची वाट पाहताना ओठ हलत. विजेच्या तारांवर बसलेले कावळेसुद्धा ते मोठ्यानं वाचायला लागले. एखादा उडाला, की लगेच दुरुस्ती करत. बघता बघता भाचीनं कुठलंही पान पुढे धरावं आणि मामांनी ते घडाघडा म्हणावं, इथवर मजल गेली. मामी म्हणाली, येतंय हे खरं, पण जरा दमानं घ्या. मामांनी ते मत्सराच्या खाती टाकलं.

कार्यक्रमाआधी भाचीनं बजावलं, "मामा, मी मान हलवली की मगच उलटायचं."

"मान कशाला दुखवून घेतेस? मला वाचता येतं."

वादन सुरू झालं. मामांची नजर रेषांवरून धावत तळाला पोचली आणि त्यांनी ऐटीत पान उलटलं. भाची तेव्हा दुसऱ्या ओळीवर होती. मामा सूर सगळे शिकले होते. कुठल्या सुरावर किती थांबायचं, तेवढंच राहून गेलं होतं.

तिनं डोळे वटारले तसं त्यांनी पान मागं घेतलं. घाईत दोन आली. ती सोडवायला जावं तो सगळेच कागद निसटून पियानोखाली पसरले. मामा गुडघ्यांवर उतरले. आता कुठल्याही क्षणी वादन बंद पडणार म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला. पण ते बंद पडलं नाही, उलट खुलत गेलं. मामा हातातले कागद विसरून तिथंच बसून ऐकत राहिले. पोरगी मनातून वाजवत होती, अगदी शेवटपर्यंत.

टाळ्या थांबेनात. मामा बाहेर आले तेव्हा गुडघे धुळीनं आणि डोळे पाण्यानं भरले होते. "माझी भाची आहे," असं त्यांनी पहिल्या रांगेला सांगितलं, मग दुसरीला.

तेवढ्यात तिच्या शिक्षिका आल्या. मामा मान खाली घालून माफी मागू लागले, पण बाईंनी त्यांना थांबवलं. कागद सोड म्हणून त्या गेली कित्येक वर्षं भाचीच्या विनवण्या करून थकल्या होत्या.

"पुढच्या महिन्यात आणखी एकीचा कार्यक्रम आहे. तीही कागद सोडत नाही. याल का?"

मामांची छाती फुगली. "येईन की. तोवर अजून पक्कं शिकून घेतो."

"नको," बाई घाईघाईनं म्हणाल्या, "याच्यापुढे काही शिकू नका."