रुखमाबाईंचे रक्त चंद्रपुरी दाखल जाहले त्याची हकीकत

श्रीशरीरदौलत अखंडित असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख मास, ऊन ऐसे की चंद्रपुरी रस्त्याचे डांबर पायतणास चिकटावे, ते समयी भद्रावतीच्या दारूगोळा कारखान्यातील गुणवंतराव यांची कन्या रंजीताबाई इणे मुलचेरा प्रांती स्वारी करून रक्त हस्तगत केले, त्याचे हे वर्तमान. पुढील पिढीने संशोधन म्हणजे पंख्याखाली बसून चहा पिणे ऐसे समजू नये, सबब विस्तारे लिहिले.

आधी मूळ राजकारण ध्यानी घ्यावे. मनुष्याचे रक्तात बी पेशी नामे फौज वसते. प्रत्येक शिपाई आपले हत्यार, ज्यास प्रतिपिंड म्हणतात, आपणच घडवितो, आणि घडविताना जनुकांच्या फडताळांतून एकेक सुटा भाग उचलतो. फौजेत दोन जाती. एक कोरे बारगीर, ज्यांनी शत्रू अद्याप पाहिला नाही. दुसरे जुने शिलेदार, जे एकवार लढून आले आणि शत्रूचे तोंड विसरत नाहीत. बारगीर कोणते भाग उचलतात आणि शिलेदारांपाशी कोणते टिकतात, हा जाबसाल रंजीताबाईंनी तीन वर्षे चालविला होता. घरी मातोश्री लग्नाचा जाबसाल चालवीत होत्या, तो येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

मुलचेऱ्याकडील एका गावी रुखमाबाई नामे धान पिकविणारी वृद्ध बाई. हिवतापाने दरसाल सारा गाव लोळवावा आणि हिने बांधावर उभे राहून लोळणाऱ्यांस शिव्या द्याव्या, ऐसा लौकिक. बालपणी ताप बहुत सोसला, पुढे तापच तिला वचकला. ऐसे शिलेदार दुसरीकडे मिळणे मुश्कील. आणि पेशी निवडणारे यंत्र नागपुराहून चंद्रपुरी उसने आलेले, ते परवा परत जाणार. मग मार्गदर्शक नीलिमाबाईसाहेब यांचा हुकूम सुटला की, रुखमाबाईंचे जिवंत रक्त उद्या सायंकाळपावेतो दाखल न जाहल्यास प्रबंधाचा तो अध्याय खारीज समजावा. अध्याय गेला म्हणजे तीन वर्षे पाण्यात. परंतु सरदाराने धास्ती फौजेस दाखवू नये म्हणोन रंजीताबाईंनी तोंड हसरे ठेविले.

मग दुसरे दिवशी पहाटे रंजीताबाई आणि रक्त काढण्यात निष्णात मयुरी ऐशा दोघी कूच करून गेल्या, आणि रुखमाबाईंनी "घ्या माय, लागते तेवढं घ्या" ऐसे फर्माविले, आणि नळ्या भरून थर्माकोलचे पेटीत ठेविल्या. परतीस अयूबभाई यांचा टेम्पो मिळाला. हे गृहस्थ तिकडे वसविलेल्या निर्वासित बंगाली गावांची मासळी चंद्रपूरचे बाजारी नेत. आष्टीस, वैनगंगेचे अलीकडे, चहास मुक्काम पडला. इतक्यात अयूबभाईंच्या मनी दया उपजली. नाजूक माल, ऊन भारी, आणि नासणाऱ्या मालाचा आपणांस उमरभराचा तजुर्बा. मग त्यांनी नळ्या काढून मासळीचे मीठबर्फात खोल पुरल्या, वरती रोहू निजविले, आणि मिशीवर ताव देऊन उभे राहिले.

रंजीताबाईंनी पेटी उघडिली तो रिकामी. अयूबभाई अभिमाने वदले, "मॅडम, फिकर नका करू. एकदम ताजं राहीन, माशावानी." रोहू बाजूस सारून पाहती तो रक्त गोठून बर्फाची कांडी जाहलेली. ऐशा गोठल्या म्हणजे पेशी फुटतात. बारगीर गेले, शिलेदार गेले, एकानेही तलवार उपसली नाही. शत्रूने मारिले असते तर निदान पोवाडा तरी जाहला असता. रंजीताबाईंस भर रस्त्यात रडू कोसळले. अयूबभाईंचा चेहरा उतरला, आणि त्यांनी अर्धा चहा टाकून, मासळीचे काय व्हायचे ते होवो म्हणोन, टेम्पो माघारी वळविला.

रुखमाबाई अंगणात तांदूळ पाखडीत होत्या. वर्तमान ऐकोन सूप खाली ठेविले आणि पुसिले, "माहं रक्त मासळीत घातलं काऊन?" रंजीताबाईंनी हात जोडून पुन्हा रक्त मागितले. मग रुखमाबाईंनी शर्त घातली. "आनखी देतो. पन आता तुयं बी काढ. शेजारनीनं वाटीभर भाजी धाडली त रिकामी वाटी वापस करते का कोनी?"

आता एक गुप्त बातमी लिहिणे प्राप्त. रंजीताबाईंनी गावोगावी कित्येकांचे दंड टोचविले, परंतु स्वतःस सुई दिसताच घेरी येई. प्रयोगशाळेत हे कोणास ठाऊक नव्हते. मयुरीस त्या क्षणी ठाऊक जाहले, आणि तिने हसू ओठांत दाबिले. रंजीताबाईंनी अध्याय आठविला, तोंड फिरविले, डोळे मिटिले आणि दंड पुढे केला. रुखमाबाईंनी त्यांचा दुसरा हात आपले हाती घेतला आणि "कायले भेतं? माह्याकडं पाह्य" ऐसे बोलत राहिल्या. घेरी आलीच, परंतु नळी भरल्यावर आली, हे विशेष लिहून ठेवावे.

मग दोघींच्या नळ्या पेटीत, पेटी मांडीवर, आणि टेम्पो सुसाट. अयूबभाईंनी वाटेत पेटीकडे नजरसुद्धा वळविली नाही. दिवस मावळण्याआधी रक्त चंद्रपुरी दाखल जाहले, आणि यंत्राने बारगीर आणि शिलेदार वेगळे निवडिले. पुढे कळो आले की, रुखमाबाईंचे बारगीर नाना तऱ्हेचे भाग उचलतात, परंतु शिलेदारांपाशी काही ठराविक भागांचीच हत्यारे बहुत, आणि तीही घासून घासून धार लाविलेली. अध्याय तरला. लगेच नीलिमाबाईसाहेबांचा दुसरा हुकूम सुटला की, संशोधकाने आपलेच रक्त आपल्या अभ्यासात घालणे नियमास मंजूर नाही, सबब रंजीताचे नळीची विल्हेवाट लावावी. ती लाविली.

निकाल सांगण्यास रंजीताबाई खाशा मुलचेऱ्याकडे गेल्या आणि शिलेदारांची तारीफ केली. रुखमाबाई खूश जाहल्या आणि पुसिले, "अना तुयं काय निंगालं?" खोटे बोलावे ऐसे एकवार मनी आले. मग खरेच बोलल्या, "फेकून द्या लागलं, बाई." रुखमाबाई टक लावून पाहत राहिल्या आणि एकाएकी हसत सुटल्या.

"मंग फिटंफाट झाली. पयले माहं वाया गेलं, मंग तुयं गेलं. बस आता, जेवून जा."

ऐसा तह उभयपक्षी मंजूर होऊन, त्याजवर भात आणि अंबाडीची भाजी वाढिली जाऊन, मोहीम फत्ते जाहली. सर्वांस विदित असावे.