तिसरी प्रत आगाशीला

सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला आलेला माणूस काय करतो? पाया पडतो, प्रसाद घेतो, "शिरा छान झालाय हो वहिनी" म्हणतो आणि चपला शोधायला लागतो. आमचा शेजारी हेमंत राऊत आला, पाया पडला, प्रसादाचा द्रोण हातात घेतला आणि भिंतीवरच्या टीव्हीकडे बघून असा कळवळला की मला वाटलं, ह्याच्या दाताखाली खडा आला.

"सावंतकाका, हे तुम्ही रोज बघता?"

"बातम्या बघतो. का?"

"काळा काळा दिसत नाहीये. राखाडी दिसतोय."

बस. द्रोण टीपॉयवर, रिमोट हातात. पुढची पंचवीस मिनिटं दक्षिणेचं ताट तयार, गुरुजी निघायला उभे, पाहुणे उभे, आणि हा पठ्ठ्या टीव्हीपासून वितीवितीने अंतर मोजत मागे मागे येतोय. त्या दिवसापासून आमच्याकडे बातम्या देणारी ती गोरीपान बाई कावीळ झाल्यासारखी दिसते. मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, तक्रार केली तर म्हणाला, "काकू, तिचा खरा रंग तोच आहे. आजवर कंपनी तुम्हाला फसवत होती."

मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, आमच्या भिंतीला भिंत लावून हा एकटा राहतो. वय एक्केचाळीस. वसईला रंगाच्या कारखान्यात नोकरी. तिथे डब्यातला रंग नमुन्याशी जुळतो की नाही, हे बघण्याचा त्याला पगार मिळतो. घरी आल्यावर तो हेच काम फुकट करतो. त्याचा जीव ॲनिमेत. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून. हे वाक्य मी त्याच्यासमोर एकदाच बोललो. त्यावर मला पाऊण तास उभं करून जे ऐकवलं गेलं, त्यातलं मला एवढंच कळलं की मी अडाणी आहे.

बरं, नुसतं बघून गप्प बसेल तर तो हेमंत कसला! त्याला ते साठवायचं असतं. एकेका मालिकेच्या चार-चार आवृत्त्या. एक टीव्हीवर आली ती, एक डिस्कवर आली ती, एक कुणी तरी धुऊनपुसून काढलेली आणि एक त्या धुणाऱ्याशी भांडण असलेल्या दुसऱ्याने धुतलेली. मला दाखवून विचारलं, "फरक कळतो?" मी म्हटलं, दोन्हीकडे तीच मुलगी त्याच झाडाखाली रडतेय. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या मोतीबिंदूची लाज वाटली.

हा सगळा माल हार्ड डिस्कमध्ये आणि हार्ड डिस्क स्वयंपाकघरात. लोक ट्रॉलीत डाळ-तांदूळ ठेवतात, ह्याच्या ट्रॉलीत अकरा डिस्क, प्रत्येक सुती हातरुमालात गुंडाळलेली. विरारची हवा दमट, डिस्कला ओल लागू नये म्हणून तो नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या दाणेदार पुड्या जमवतो. बिल्डिंगमध्ये कुणी चपला घेतल्या की ह्याच्या दारावर पुडी पोचलीच पाहिजे. मंगलसुद्धा ठेवते त्याच्यासाठी. मी मुंज-बारशाला नवे बूट घेतले, तर बूट कसे आहेत हे न विचारता "काका, पुडी?" म्हणून हात पुढे.

त्याचा कायदा असा की प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती हव्यात. "दोन घरात, तिसरी आगाशीला." आगाशी त्याचं गाव. तिथे वाडी, मोठा भाऊ आणि आई. आईच्या कपाटात, साड्यांखाली, तिसरी प्रत. घराला आग लागली, विरार बुडालं, तरी आगाशीला माल शाबूत. मी म्हटलं, विरार बुडालं तर समुद्राकडची आगाशी आधी बुडेल. त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. खरंच चिंतेत पडला होता.

लग्न ह्याच पायी राहिलं. नालासोपाऱ्याला मुलगी बघायला गेला, कांदेपोहे आले, मुलगी आली, आणि हा तिच्या डोक्यावरून मागच्या टीव्हीकडे बघतोय. मुलीच्या वडिलांना वाटलं, लाजतोय. त्याने त्यांच्याकडे रिमोट मागितला. मध्यस्थ बाई आजही राऊतांचं नाव काढलं की पदर खोचतात.

दर महिन्याला एका रविवारी त्याचे दोन दोस्त येतात, त्याच पंथातले. एकदा भिंतीपलीकडून असा आरडाओरडा ऐकू आला की मला वाटलं जमिनीचा वाद आहे, आता हाणामारी होते. सेक्रेटरी या नात्याने मी धावलो. (हो, सोसायटीचा सेक्रेटरी मी. कुणी होत नव्हतं, माझ्या गळ्यात पडलं.) दार उघडलं तर तिघं लालबुंद. वाद काय? एका पोरीचे केस जांभळे की निळे! त्यातला एक जण फाइल दाबून लहान करतो, तरी फरक पडत नाही म्हणतो. हेमंत ओरडत होता, "अरे, तू तिचे केस नाही, तिचा जीव दाबलास!"

पण खरी लढाई सबटायटलची. म्हणजे पडद्याखाली जे भाषांतर येतं ना, ते. त्यावर ह्याचे नियम असे कडक की आमच्या सोसायटीला तसे असते तर मी सुखाने मेलो असतो. अक्षर लहान हवं, पांढरं हवं, तळाला हवं. पिवळ्या ठळक अक्षरांना तो "एसटीची पाटी" म्हणतो. अर्धा सेकंद मागेपुढे झालं की टीव्ही बंद. आणि सर्वांत मोठं पाप म्हणजे भाषांतर करणाऱ्याने मध्ये स्वतःचं काही घालणं. "पात्र बोललं तेवढंच लिहायचं काका. एक शब्द जास्त नाही. हा कोण शहाणा मध्ये बोलणारा? ही बेइमानी आहे." एका अनोळखी माणसाने कंसात चार शब्दांची माहिती दिली, म्हणून हा त्याच्याशी इंटरनेटवर आठ महिने भांडत होता. तेही ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता.

गेल्या चैत्रात त्याची आई गेली. आम्ही आगाशीला जाऊन आलो. हा बाजूला खांबाला टेकून उभा, डोळ्यात टिपूस नाही. बारावं करून परत आला, आणि जिन्यात भेटल्यावर पहिला प्रश्न मला काय, तर "काका, मधे लाइट गेली होती का?" मंगल घरात आल्यावर म्हणाली, "ह्याला माणसं नकोतच. ह्याला डिस्क द्या." मी म्हटलं, त्याच्या डिस्कलाच अग्नी द्यायला हवा, तेव्हा रडेल. असं बोललो मी. जीभ माझी.

आणि मग मीच तो अग्नी दिला.

झालं असं, की ह्या वर्षी मीटर रूमची केबल बदलायची होती. रविवारी बारा वाजता लाइट बंद, अशी मी ग्रुपवर नोटीस टाकली. शनिवारी हेमंतचा अर्ज आला. कागदावर, "माननीय सेक्रेटरी महोदय" वगैरे. 'घरी अत्यंत जुन्या डिस्कवरून कॉपी चालू असल्याने वीज बाराच्या आधी बंद करू नये, ही नम्र विनंती.' कमिटीत तो अर्ज मी हातवारे करून वाचून दाखवला. खजिनदाराला हसता हसता ठसका लागला.

रविवारी वायरमन साडेदहालाच उगवला. म्हणाला, "साहेब, आत्ता करतो, नाहीतर मग सोमवारी." मी म्हटलं, चल उरकून टाक. कुणाला फोन नाही, ग्रुपवर दोन शब्द नाहीत. मेन स्विच मी स्वतः खाली ओढला. अर्ज वरच्या खिशातच होता. वायरमनने मधे एकदा लाइट चालू केली, परत बंद केली, परत चालू केली.

अकराच्या सुमारास हेमंत खाली आला. मला वाटलं आता भांडणार, मीही बाह्या सरसावल्या. पण त्याच्या हातात हातरुमाल, रुमालात डिस्क. माझ्या कानाशी धरली. आतून टक् टक् टक् असा आवाज येत होता.

"लाइट गेल्यावर चालणारी ती बॅटरी होती ना रे तुझ्याकडे, ती बंद पडली?" मी उगाच विचारलं.

"बॅटरी दुरुस्तीला दिलीय. म्हणून तर अर्ज केला होता."

"अरे पण ही कुठली? तीन प्रती असतात ना तुझ्या?"

"ही आगाशीची. आईच्या कपाटातली. दादा तिची खोली रंगवतोय, त्याने काल आणून दिली. वर्षभर मला ते कपाट उघडवत नव्हतं काका." मग म्हणाला, "ह्यातलं एक फोल्डर दुसरीकडे कुठेच नाही."

मी मनात म्हटलं, घ्या! तीन प्रतींचा कायदा सांगणारा, आणि एकच प्रत! काही तरी नको ते असणार त्यात. पण वर घरी गेलो तर मंगलने सगळं जिन्यातून ऐकलं होतं. "चपला घाला," ती म्हणाली, "आणि त्याच्याबरोबर जा. मेन तुम्ही ओढलात."

विरार वेस्टला एक जण बिघडलेल्या डिस्कमधून माल काढून देतो. त्याने डिस्क कानाला लावली, डॉक्टर लावतात तशी, आणि मान हलवली. "ही एकदाच चालेल, साहेब. चालता चालता कधी पण जाईल. कुठलं फोल्डर आधी काढू ते सांगा. एकच सांगा."

हेमंत म्हणाला, "'आई' नावाचं."

मला वाटलं फोटो असतील. मशीन सुरू झालं. आम्ही दोघं बाकड्यावर. तो तासभर आपल्या बोटांच्या पेरांवर काही तरी मोजत होता. देवा रवळनाथा, म्हटलं, येऊ दे ते काय असेल ते, पुढच्या वर्षी सेक्रेटरी होणार नाही.

शेवटी एक लांब खरखर आली आणि आवाज बंद झाला. दुकानदाराने पडद्यात डोकं घातलं. "व्हिडिओ सगळे गेले. एक पण धड नाही. बारीक बारीक फाइली तेवढ्या आल्यात, सव्वीस. अक्षरंच आहेत नुसती. ही काय कामाची?"

मी डोळे मिटले. आता हा रडणार. आणि तो रडलाच की! पण हसत हसत. दुकानदाराचे दोन्ही हात हातात घेऊन, "आल्या ना? सव्वीसच्या सव्वीस आल्या ना? चित्र कुठेही मिळतं हो! चित्राचं काय एवढं!" हे हेमंत राऊत म्हणाला. मी कानांनी ऐकलं.

घरी आल्यावर त्याने मला आपल्या टीव्हीसमोर बसवलं. डिस्कवरची, धुतलेली, काळा काळा दिसणारी त्याची सगळ्यात उत्तम आवृत्ती लावली आणि तिला ती आलेली अक्षरं जोडली. एक अनाथ पोर डोंगरातल्या चहाच्या टपरीवर कामाला राहते, अशी काही तरी गोष्ट. खाली अक्षरं उमटली. पिवळी, ही एवढी मोठी! अर्धा डोंगर झाकला. आणि मराठी.

"आईला ऐकू येईनासं झालं ना," तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "मी रविवारी जायचो, माझं बघत बसायचो, ती शेजारी. सारखी विचारायची, ती पोर काय म्हणते, ती म्हातारी काय म्हणते. मग तिथेच बसून, तिच्या कपाटातल्या डिस्कवर लिहायला लागलो. लहान अक्षर तिला दिसायचं नाही. मी छापील मराठी लिहिलं तर म्हणायची, असं कोन बोलतं? मग ती सांगेल तसं लिहायचो."

पडद्यावरची जपानी म्हातारी ठसक्यात आमच्या आगाशीचं बोलत होती. 'पानी आन गो आधी, मंग बस.' पोर पावसात भिजत दारात उभी राहिली. कुणीच काही बोललं नाही, तरी खाली अक्षरं आली. 'तिला कोनी जेवलीस का म्हनून इचारा रे.'

"हे कोण बोललं?" मी विचारलं.

"आई."

त्यात जागोजागी आई होती. 'हा मानूस बरा नाय.' 'डोकं पुस पोरी, सर्दी होल.' एक शब्द जास्त नाही म्हणणाऱ्या माणसाने तिचा प्रत्येक शब्द, ती जिथे बोलली तिथेच, टाइप करून ठेवला होता. चित्र वेगळ्या आवृत्तीचं असल्यामुळे अक्षरं चांगली चार सेकंद मागे पडत होती. पोरगी जेवून उठली, तरी आई तिला जेवायला बोलावतेय. मी म्हटलं, "हेमंत, हे मागे पडतंय रे. नीट कर ना, तुला येतं."

"राहू दे काका. तिला मागूनच कळायचं सगळं."

भाग संपला, शेवटचं गाणं लागलं. चेरीची झाडं, वारा, नावांची रांग. मला वाटलं आता पुढचा भाग लावतो. तेवढ्यात खाली अक्षरं आली. 'हेमंत, पुरे आता. डोले जातील तुजे. चल जेवाला.'

तो उठला. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, मुकाट्याने टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आत ट्रॉलीत अकरा डिस्क होत्या आणि शेगडी थंड होती. मी भिंतीवर थाप मारली आणि पलीकडे मंगलला ओरडून सांगितलं, "अगो, पान वाढ. दोन नको, तीन."