सासऱ्यांचा डबा

संडासाची कडी खट्कन वाजली आणि रविवारच्या दुपारची शांतता मोडली. पाच वर्षांच्या ऋताला थोपटत पडलेल्या स्वरूपाने डोळे उघडले. तिच्या नवऱ्याचं, ज्ञानेशचं, पोट तिसऱ्यांदा बिघडलं होतं.

आतड्यात कसलेसे जंतू ठाण मांडून बसले होते. गोळ्या घेतल्या की दबायचे, गोळ्या संपल्या की पंधरा दिवसांत हजर. चाकणच्या कंपनीत क्वालिटी बघणारा हा माणूस पाच महिने मऊ भात खाऊन पट्ट्याला नवी भोकं पाडत होता.

डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले होते. एक, गोळ्या दोन महिने हळूहळू कमी करत न्यायच्या. तो करून झाला होता. दुसरा सांगताना डॉक्टरही जरा खाकरले. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, तपासून, गाळून नळीने आतड्यात सोडायची. त्यातले चांगले जंतू वाइटांना हुसकावतात.

"आणि सप्लायर कोण?" ज्ञानेशने विचारलं.

त्याचा धाकटा भाऊ गणराज लगेच तयार झाला, पण त्याने गेल्याच महिन्यात खोकल्यासाठी जोरदार गोळ्या खाल्ल्या होत्या. स्वरूपाने दाढेसाठी. अशा गोळ्यांनी चांगले जंतूही मरतात, म्हणून दोघेही बाद. कंपनीतल्या जिवलग मित्राने तर विषय कळल्यापासून फोन उचलणंच सोडलं. उरले तळेगावचे सासरे, हिंदुराव. वय पंचावन्न, आहार भाकरी आणि ताक, औषधाची गोळी आयुष्यात घेतलेली नाही.

अडचण एवढीच, की सासऱ्यांकडून काहीही घ्यायचं नाही, असा ज्ञानेशचा लग्नापासूनचा बाणा. अंगठी परत गेली, गाडी परत गेली. पहिल्या दिवाळीचा लाडवांचा स्टीलचा डबा झाकण न उघडता परत गेला. हिंदुराव कधी काही बोलले नाहीत. पण तो नाव कोरलेला डबा सात वर्षं त्यांच्या फळीवर तसाच होता.

शेवटी पोटाने बाण्याला हरवलं. फोन स्वरूपाने लावला. काय हवंय ते सांगितलं.

"जावईबापूंनी माज्याकडं मागितलं? सोताहून?"

"हो, दादा."

"मंग कमी न्हाई पडू देनार."

सगळ्या तपासण्यांत ते पहिल्या फटक्यात पास झाले. आधीच्या रात्री तूप खाऊ का, असंही त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं. ठरल्या सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते हॉस्पिटलात हजर झाले. हॉस्पिटलने दिलेली प्लास्टिकची डबी त्यांनी त्याच स्टीलच्या डब्यात ठेवली होती, वर क्रोशाचा रुमाल. नर्सने डबी काढून घेतली आणि मोकळा डबा ज्ञानेशच्या हातात दिला.

"या येळंला तरी दिलेलं परत नका पाठवू," हिंदुराव हळूच म्हणाले.

ज्ञानेशने मान खाली घातली. "नाही पाठवत, दादा. लागलं तर आणखी मागीन."

महिना झाला. कडी आता दिवसातून एकदाच वाजते, चहानंतर. ज्ञानेश दोन भाकऱ्या खातो, सासऱ्यांना रोज फोन करतो आणि पोटाची खुशाली इतकी सविस्तर सांगतो की स्वरूपा स्वयंपाकघरात निघून जाते.

आज सगळे तळेगावला निघाले होते. स्वरूपाने दादांना द्यायचा डबा चौथ्यांदा घासला, उन्हात धरून पाहिला, पुसला. ज्ञानेश दारात चपला घालत होता. ऋता डब्यात डोकावली.

"आई, कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही ना? मग बाबा आजोबांना काय भरून देणार?"