बिबट्याने निवडलेला संघ

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. ओढा होता, मोहाची झाडं होती, गुडघाभर गवत होतं आणि बिबट्याही होता. बिबट्या असूनही जंगल बरं चाललं होतं. कसं चाललं होतं ते आधी सांगतो. बिघडलं कसं, ते मग तुमचं तुम्हालाच कळेल.

तिथे एक जुनी रीत होती. वानर झाडाच्या शेंड्यावर बसायचं आणि खाली चितळं चरायची. वानर अर्धा पाला खायचं, अर्धा सांडायचं. सांडलेला पाला चितळं वेचायची. लांबचं वानराला आधी दिसायचं. वाऱ्यावरचा वास चितळांना आधी कळायचा. बिबट्या दिसला की वानर ‘खॉक्, खॉक्’ करायचं. ते ऐकून ओढ्यावरची टिटवी किंचाळायची, टेकडीवरचं सांबर भोंगा वाजवायचं. मोर तर एरवीही ओरडायचा, पण बिबट्या आला की जरा मनापासून.

एवढा गलका झाला की बिबट्या गवतातून उठायचा. अंग झाडायचा. आपण सहज फिरायला आलो होतो, असं तोंड करून निघून जायचा.

ही रीत कोणी शिकवली नव्हती. तिच्यासाठी कोणी सभा भरवली नव्हती. आईचं बघून पोर शिकायचं, एवढंच.

मग त्या जंगलात मोबाइल आले. कुठून आले, ते विचारू नका. तुमच्या घरात आले तसेच.

मोबाइलमध्ये एक खेळ होता. खेळातही जंगल होतं. तिथल्या शेवटच्या पायरीवर एक राक्षस बसला होता. त्याचं नाव कराळबिबट्या. काळाकुट्ट, तीन शेपट्यांचा, डोळ्यांतून जाळ ओकणारा. खेळणारे त्याला ‘बॉस’ म्हणत. चौघांनी आपापल्या मोबाइलवर एकाच वेळी, एकजुटीने खेळलं तरच त्याच्याशी लढता यायचं. तो चित्रातल्या गवतात लपायचा आणि भलतीकडूनच झेप घ्यायचा. त्याला अजून कोणी हरवलं नव्हतं.

हरवलं तर काय मिळणार होतं? एक मुकुट. तोही चित्रातला.

आता गंमत बघा. खरा बिबट्या रोज ओढ्यावर पाणी प्यायला येत होता. त्याच जंगलातली जनावरं चित्रातल्या बिबट्याचं नाव काढलं की थरथरू लागली. हसू नका. थरथरताना तुम्हालाही मी पाहिलं आहे.

शेवटी संघ निवडायला सभा भरली. संघ चौघांचा, आणि शहाणे जंगलभर. रानडुक्कर म्हणालं, “मला घ्या. मी सरळ धडक देतो.” ससा म्हणाला, “माझा अंगठा बघा किती चपळ आहे.” कोल्ह्याने आयुष्यात एकही डाव खेळला नव्हता, म्हणून तो सगळ्यांना सल्ला देत होता. मोराला घ्यावं की नाही यावरून तित्तिरांच्या दोन घरांत बोलणं बंद झालं.

इतक्यात समोरून बिबट्या आला. खरा.

सगळी सभा उठली. पळायला पाय उचलले.

“बसा हो, बसा,” बिबट्या म्हणाला. “मी जेवून आलोय.”

जेवून आला म्हटल्यावर सगळे बसले. कोणाला जेवून आला, हे कोणी विचारलं नाही.

बिबट्या म्हणाला, “मंडळी, त्या कराळबिबट्याची मला लाज वाटते. आमच्या जातीचं नाव त्याने घालवलं. तीन शेपट्या काय, डोळ्यांत जाळ काय! असा कुठे बिबट्या असतो? त्याला कोणी हरवलं तर सगळ्यांत जास्त आनंद मला होईल.”

जनावरांना गहिवरून आलं. कोल्ह्याने तिथल्या तिथे सुचवलं, “बिबटेअण्णांनाच निवड समितीचं अध्यक्ष करा. बिबट्यातलं बिबट्याइतकं कोणाला कळणार?”

टाळ्या पडल्या. अण्णा नको नको म्हणत अध्यक्ष झाले.

“डुकरराव,” अण्णा म्हणाले, “तुमची ताकद मोठी. पण इथे ताकदीचं काम नाही. ससेभाऊ, अंगठा छान. पण नजरेचं काय? मला पाहिजेत सावध लोक. गवताचं पातं हललं की ज्याला कळतं, असे.” मग त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच नावं सांगितली. “शेंड्यावरचा हुप्प्या. ओढ्यावरची टिटवी. टेकडीवरचं सांबर. आणि मोर.”

“वा! काय पारख आहे!” कोल्हा म्हणाला.

एका म्हाताऱ्या सांबरिणीला वाटलं, यात काहीतरी चुकतंय. पण तिचाच मुलगा निवडला गेला होता. त्यामुळे तिला तसं वाटायचं थांबलं.

“सरावाला जागा?” हुप्प्याने विचारलं. हा वानरांचा म्होरक्या. नजर अशी की डोंगरापलीकडची घार मादी की नर, ते सांगेल.

“माझ्या गुहेसमोर बसा,” अण्णा म्हणाले. “तिथे रेंज चांगली येते. मी तसाही दिवसभर बाहेरच असतो.”

अशा रीतीने शेंडा रिकामा झाला, ओढा रिकामा झाला, टेकडी रिकामी झाली. आणि कोणाला काही रिकामं वाटलं नाही.

आता कवडीचं सांगतो. कवडी म्हणजे एक तरणी चितळीण. तिला नुकतंच पहिलं पाडस झालं होतं. चितळीण काय करते, लहान पाडसाला गवतात दडवते आणि जवळपास चरते. पाडस निपचित पडून राहतं. आईने बजावलेलं असतं, मी येईपर्यंत हलायचं नाही. ते हलत नाही. माशी नाकावर बसली तरी हलत नाही. पायांत धावायचं बळ येईपर्यंत त्याचा सगळा भरवसा दोन गोष्टींवर असतो, आईवर आणि शेंड्यावरच्या वानरावर.

कवडीने वर बघितलं. वानर नव्हतं. ती गुहेपर्यंत चालत गेली. चौघे खाली माना घालून बसले होते.

“हुप्पेदादा, वर बसत नाही का आता तुम्ही?”

“सराव चाललाय बाई. मध्ये बोलू नको.”

“पोर गवतात आहे माझं. अजून पायांत बळ नाही त्याच्या. ते धावू लागेपर्यंत तरी—”

“अगं, मी हे कोणासाठी करतोय? जंगलासाठीच ना? उद्या आपण जिंकलो की नाव कोणाचं होईल? तुझ्या पोराच्याच जंगलाचं!”

“नाव होईल दादा. पण तो खरा बिबट्या...”

“कोण, अण्णा?” हुप्प्याने पहिल्यांदा मान वर केली. “अण्णा अध्यक्ष आहेत आमचे! बोलताना जीभ कशी अडखळत नाही तुझी?”

टिटवी मोबाइलवरून डोळे न काढता म्हणाली, “पोटात दुखतंय हो तिच्या. चितळांतलं कोणी घेतलं नाही ना संघात.”

सांबर हसलं. मोर हसला, पण त्याला विनोद कळला नव्हता.

कवडी परत आली.

सरावात आणखी एक गोष्ट होत होती. चित्रातला बिबट्या दिसला की हुप्प्या सवयीने ओरडायचा, “खॉक्, खॉक्!” टिटवी किंचाळायची. सांबर भोंगा द्यायचं. सुरुवातीला तो आवाज ऐकून सगळा कळप उधळला. धावत सुटला, ओढ्यात पडला, काट्यांत शिरला. मग कळलं की खेळातला आहे. पुन्हा आवाज आला, पुन्हा पळाले, पुन्हा खेळातलाच निघाला. मग कळपातल्या थोरल्या चितळिणीने सांगून टाकलं, “चरा गं निवांत. खेळातला आहे.”

कळप निवांत चरू लागला. एकटी कवडी दर आवाजाला मान वर करायची.

“कवडे, मान मोडेल एक दिवस,” बाकीच्या म्हणायच्या.

“मोडू दे,” कवडी म्हणायची.

अखेर लढाईचा दिवस उजाडला. गुहेसमोर सगळं जंगल लोटलं. चितळांचा कळपही गेला. पुढची जागा मिळावी म्हणून हरणं रानडुकरांच्या पाठीवर चढली. अण्णा अध्यक्षांच्या दगडावर बसले होते. मिशा नीट केलेल्या, चेहरा प्रसन्न.

कवडी तेवढी ओढ्याकाठी गवताजवळ राहिली.

खेळ सुरू झाला. खरं सांगतो बाळांनो, ते चौघे सुरेख खेळले. त्यांच्या बापजाद्यांनी जीव वाचवायला जे जे मिळवलं होतं, ते सगळं त्यांनी मोबाइलच्या त्या काचेवर ओतलं. चित्रातलं पातं हललं की हुप्प्याला दिसत होतं. चित्रातलं पाऊल वाजलं की टिटवीला ऐकू येत होतं. असा पहारा त्या जंगलात कधी झाला नव्हता.

खेळ रंगात आला तसे अण्णा उठले.

“जरा पाय मोकळे करून येतो,” ते म्हणाले. “तुमचं चालू द्या. काहीही झालं तरी काचेवरून नजर हलवू नका.”

“अण्णा किती बारीक लक्ष देतात बघा,” कोल्हा म्हणाला.

ओढ्याकडून वारा आला. कवडीला वास लागला. तिने पाय आपटला. पुन्हा आपटला. मग तिने हाक मारली. कळपासाठी मारतात ती नव्हे, त्याहून मोठी. ती हाक गुहेपर्यंत पोचली.

“कोण ओरडतंय गं तिकडे?” थोरली चितळीण म्हणाली.

“म्यूट करा तिला कोणीतरी,” कोल्हा म्हणाला. “मुलांचं लक्ष जातंय.”

आणि त्याच वेळी हुप्प्या आपल्या काचेकडे बघून सगळा जीव एकवटून ओरडला, “खॉक्, खॉक्, खॉक्!” टिटवी ओरडली, सांबर ओरडलं, मोर ओरडला. जंगलातले सगळे इशारे एकदम वाजले. त्यात कवडीचा आवाज बुडाला.

पुढचं मी पटकन सांगतो. कवडी बिबट्याच्या समोर उभी राहिली. शिंगं नसलेली चितळीण उभी राहून काय करणार? तो तिला वळसा घालून गेला. पाडस हललं नाही. आईने सांगितलं होतं, हलायचं नाही.

गुहेसमोर कराळबिबट्या कोसळला. त्याच्या तिन्ही शेपट्या विझल्या. चौघांच्या काचांवर मुकुट चमकले. जंगल नाचलं. तित्तिरांची दोन घरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली.

थोड्या वेळाने अण्णा परत आले. ओठ चाटून त्यांनी मिशा पुसल्या. चौघांना शाल दिली, नारळ दिला. भाषणही केलं.

“आज या जंगलाने बिबट्याला हरवलं,” अण्णा म्हणाले. “एक बिबट्या म्हणून मी हा पराभव मोठ्या मनाने मान्य करतो.”

टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांमधून कवडी चालत आली. तिला वाट द्यायला लोक कुरकुरले. ती हुप्प्यासमोर उभी राहिली.

“दादा,” तिने विचारलं, “गवत हललेलं दिसलं का हो तुम्हाला?”

“दिसलं तर!” हुप्प्या शाल सावरत म्हणाला. “झेप घ्यायच्या आधीच दिसलं. म्हणून तर जिंकलो.”



अण्णांनी कवडीकडे बघितलं. मग सभेकडे वळून म्हणाले, “या बाई बघा. मी पुष्कळ लांब होतो, वाकून चालत होतो, तरी यांना कळलं. असं नाक मी पाहिलं नाही. खेळात आता आणखी एक पायरी उघडलीय, तिथे याहून मोठा बॉस आहे. त्या संघात या बाईंना घ्यायलाच पाहिजे. चितळांवरचा अन्यायही दूर होईल.”

कळप आनंदाने उड्या मारू लागला. थोरल्या चितळिणीने कवडीचं कपाळ चाटलं.

“नशीब काढलंस गं पोरी!” ती म्हणाली. “अध्यक्षांच्या नजरेत भरलीस.”

कवडीला मोबाइल दिला. तो तिच्या पायांपाशी तसाच पडून राहिला. ती ओढ्याकडे निघाली. गवत जिथे चेपलं होतं तिथे जाऊन उभी राहिली. तिच्या सडांना पान्हा फुटला होता. दूध गवतावर ठिबकत होतं. गुहेकडून दुसऱ्या संघाच्या निवडीचा वाद ऐकू येत होता, आणि अण्णा सगळ्यांना शांत राहायला सांगत होते.

तात्पर्य: एकजुटीने लढलं तर मोठ्यात मोठा बिबट्या हरवता येतो. तो चित्रातला असावा, एवढंच बघावं. खरा बिबट्या असेल तर त्याला अध्यक्ष करावं. संघ तो चांगला निवडतो आणि शालही देतो. आणि ज्यांची पोरं गवतात आहेत, त्यांनी सामना चालू असताना ओरडू नये. खेळाडूंचं लक्ष जातं.