टोपलीतल्या अंड्यांचा नंबर

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या पाच वर्षांच्या मुलानं ताटलीतल्या अंड्याकडे बघून "बिचारा!" म्हटलं, आणि तिथून आमच्या घराची घडी जी विस्कटली ती विस्कटलीच. वेळ इतकी नक्की सांगता येते, कारण पावणेसातला खरबुजांच्या मळ्यावर जाणारा ट्रक नाक्यावर येतो आणि माझा नवरा ओबदुलियो त्याआधी पाच मिनिटं एका पायात बूट घालून दुसरा शोधत असतो.

"खा ना रे रिगो," मी म्हटलं.

"नको. आत कुणीतरी आहे."

आता शहाण्या आईनं इथे एक धपाटा घातला असता, किंवा हसून सोडून दिलं असतं. मी अंडं चमच्यानं उचलून खाली बघितलं. (खोटं कशाला सांगू? दोनदा बघितलं.)

"आज अंड्याची दया, उद्या घेवड्याची येईल," पलंगाखालून ओबदुलियोचा आवाज आला. "परवा मक्याच्या तोर्तियाला हात जोडेल."

"जाऊ दे," मी म्हटलं. "आजच्या दिवस नुसता घेवडा खा."

एवढंच. एवढाच माझा निर्णय. आजच्या दिवस!

तर याचं मूळ होतं पुस्तकात. आमच्या वाडीच्या बालवाडीला या वर्षी राजधानीहून नव्या बाई आल्या, लिहिया बाई. त्यांनी येताना चित्रांच्या पुस्तकांचं एक भलं मोठं खोकं आणलं, आणि दर शुक्रवारी प्रत्येक पोरानं एक पुस्तक घरी न्यायचं असा नियम केला. खोक्यात जहाजं आहेत, चंद्र आहे, मगरी आहेत. पण आमचा पठ्ठ्या तीन आठवडे कोंबड्याच आणतोय. पहिल्या पुस्तकातलं अंडं बाहेर यायला घाबरत होतं. (त्याचं मला फार पटलं.) दुसऱ्यात एक कोंबडा अंडी मोजायला बसतो आणि दर वेळी चुकतो. तिसरं मात्र त्याला इतकं आवडलं, की संध्याकाळी झोपाळ्यात तेच, जेवताना तेच, आणि मी धुणं धुताना हौदाच्या काठावर बसून पुन्हा तेच. त्यातली पांढरी कोंबडी पाणी प्यायला जाते, तेवढ्यात घरट्यातली अंडी भांडायला लागतात. मधे ऊब असते, कडेला थंडी वाजते, म्हणून सगळ्यांनाच मधे बसायचं असतं. कोंबडी परत येऊन म्हणते, "भांडू नका रे, सगळ्यांचा नंबर येईल."

मी सातवीपर्यंत शिकले. पुढे धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसले ती बसलेच. पण रिगोला एक पान वाचून दाखवलं आणि तो तोंड उघडं टाकून ऐकायला लागला, की मला वाटतं, हा थांबायचा नाही, हा पुढे जाईल. माझ्या सासूबाईंना, डोन्या तेन्चांना, मात्र पुस्तक म्हणजे डोक्याचं पाणी आटवणारी वस्तू वाटते.

"आमच्या वेळी कोंबडी बघायला पुस्तक लागत नव्हतं," त्या म्हणतात. "दार उघडलं की दिसायची."

बुधवारी रिगो स्वयंपाकघरात टांगलेल्या अंड्यांच्या टोपलीला कान लावून उभा राहिलेला दिसला. "काय ऐकतोस?" तर ओठांवर बोट. सकाळी उठल्या उठल्या तो हौदामागे जाऊन बसायचा. तिथे आमची लाल कोंबडी गेला आठवडाभर अंड्यांवर खुडूक बसली होती. बोलणं एकदम हळू झालं. चालणंही हळू, देवळात चालतात तसं. मी कपाळाला हात लावून बघितला, जीभ बघितली, रात्री दोनदा उठून श्वास बघितला.

गुरुवारी डावा हात गेला.

म्हणजे गेला नाही, पण वर होईना. बापाचा ढगळ सदरा अंगात घालून, हात काखेशी घट्ट दाबून पोरगं फिरतंय. आंघोळीला नाही म्हणालं.

"हात वर कर बघू."

त्यानं उजवा केला.

"दुसरा."

पुन्हा उजवाच केला.

तशीच त्याला घेऊन आरोग्य केंद्रात पळाले. तिथे लस टोचून घ्यायला आलेल्या पोरांची ही रांग! नर्सबाईंनी मान वर न करता विचारलं, "दुखतं का रे?"

"नाही."

"मग उचल."

"आत्ता नाही," रिगो म्हणाला.

"वेळ आली की उचलेल," नर्सबाई मला म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या पोराला हाक मारली.

मी रडत घरी आले. सासूबाई जणू वाटच बघत होत्या.

"खात नाही, बोलत नाही, हात धरलाय. ही दृष्ट आहे. कुणी कौतुक केलं होतं याचं?"

आणि मला आठवलं. बालवाडीच्या फाटकात, गेल्या शुक्रवारी. बाई म्हणाल्या होत्या, "काय हुशार डोळे आहेत हो तुमच्या रिगोचे!" आणि त्याला हात लावला नव्हता! आमच्याकडे दुसऱ्याच्या लेकराचं कौतुक केलं, की लगेच त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा असतो. नाही तर नजर लेकरातच राहते. पण बाई पडल्या राजधानीच्या, आणि त्यांच्या दोन्ही हातांत ते खोकं.

"त्या घाऱ्या डोळ्यांच्या बाईनं?" सासूबाई म्हणाल्या. "झालं तर मग. शनिवारी दृष्ट काढायला डोन्या क्रूसला बोलवू. दृष्ट निघाली तर पुस्तकं बंद. शाळाही बंद, पोरगं पहिलीत जाईपर्यंत."

"पण आई..."

"तुला पोरगं हवंय का पुस्तक?"



शनिवारी दुपारी डोन्या क्रूस आल्या. हातात सतापाची जुडी, गळ्यात तीन क्रूस, आणि तीस वर्षांचा अनुभव.

"अंडं घरच्या कोंबडीचं आहे ना? दुकानातलं चालत नाही. दुकानातल्या अंड्याला काही कळत नाही."

"घरचंच," सासूबाई छाती काढून म्हणाल्या. "रोज ताजी अंडी मी स्वतः टोपलीत ठेवते."

डोन्या क्रूसनी टोपलीतून एक अंडं उचललं, तसा रिगो पलंगावरून किंचाळला, "ते नको! त्याचा आजच नंबर झालाय!"

"बघ, बडबडायला लागला," सासूबाई कुजबुजल्या.

मी त्याचे पाय धरले. डोन्या क्रूसनी तोंडानं प्रार्थना पुटपुटत अंडं त्याच्या डोक्यावरून, छातीवरून, पोटावरून पायांपर्यंत फिरवलं. डाव्या हाताजवळ आल्या तेव्हा रिगोनं तो आणखीच घट्ट दाबला. डोन्या क्रूसनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे इथेच आहे. मग आम्ही तिघी स्वयंपाकघरात गेलो. पाण्यानं भरलेल्या पेल्यात त्यांनी अंडं फोडलं.

पेल्यात डोळा होता.

काळा, गोल, आणि भोवती लाल धाग्यांचं जाळं. आमच्याकडेच बघत होता.

डोन्या क्रूस मागे सरकल्या त्या थेट चुलीला टेकल्या. "आई मारिये! तीस वर्षं दृष्ट काढतेय. बुडबुडे निघाले, तारा निघाल्या, एकदा सुईसारखं काही निघालं. पण खुद्द डोळा कधी निघाला नव्हता!"



"पिल्लू असेल," दारातून ओबदुलियो म्हणाला.

"माझ्या टोपलीत?" सासूबाई कडाडल्या. "माझ्या टोपलीतल्या ताज्या अंड्यात पिल्लू? चाळीस वर्षं कोंबड्या पाळतेय मी!"

ओबदुलियो दारातून दोन पावलं मागे सरकला. (त्याच्या आईच्या टोपलीबद्दल शंका घेऊन या घरात कुणी सुखानं जेवलेलं नाही.)

"कुणाचा डोळा आहे तेवढं ओळखा," सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही तिघी पेल्यावर वाकलो.

"बाईंचे घारे आहेत," मी म्हटलं. "हा काळा आहे."

"पाण्यात काळाच दिसतो," डोन्या क्रूस म्हणाल्या. "आता एकच उपाय. जिनं नजर लावली तिनंच येऊन पोराला पोटाशी धरायचं. आत्ताच्या आत्ता."

ओबदुलियो सायकल घेऊन सुटला. तोवर मी पलंगाशेजारी बसून रिगोकडे बघत होते. डोळ्याची पापणी लववत नव्हते, न जाणो तेवढ्यात काही झालं तर! पोरगं भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. माझ्या मनात आलं, मीच त्याला पुस्तकं वाचून दाखवली. माझं शिकणं अर्धं राहिलं म्हणून हाव सुटली मला. बरा होऊ दे, वाचता नाही आलं तरी चालेल.

लिहिया बाई आल्या त्या सायकलच्या दांडीवर बसून, ओल्या केसांनी. ओबदुलियोनं वाटेत त्यांना काय सांगितलं होतं देव जाणे, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी काय करू?"

"पोटाशी धरा," डोन्या क्रूस म्हणाल्या. "जोरात."

बाईंनी रिगोला उचललं आणि जोरात पोटाशी धरलं.

*कट्.*

आवाज सगळ्यांनी ऐकला. मला वाटलं, हाड! रिगोनं टाहो फोडला, आणि सदऱ्याच्या बाहीतून काहीतरी पिवळं, बुळबुळीत, बाईंच्या झग्यावर ओघळायला लागलं.

"निघाली!" डोन्या क्रूस ओरडल्या. "दृष्ट बाहेर पडली!"

"हे अंडं आहे," बाई म्हणाल्या.

खरंच, अंडंच होतं. साधं, ताजं, पिवळंधमक. रिगो हुंदके देत होता. बाई खाली बसल्या आणि त्यांनी त्याच्या तोंडाशी कान नेला. बराच वेळ कुजबुज चालली. मग बाईंनी विचारलं, "सगळ्यांना सांगू?"

"आईला नको," रिगो म्हणाला. "आई घाबरते."

मी तिथेच उभी होते हो. दोन हातांवर.

प्रकार असा होता. लाल कोंबडी दिवसातून एकदा दाणापाणी करायला उठते, हे रिगोला पुस्तकानंच शिकवलं होतं. त्या वेळात तो टोपलीतली दोन-चार अंडी तिच्याखाली नेऊन ठेवायचा. त्यांना बिचाऱ्यांना कुणी आई नव्हती. पण सगळी मावेनात, म्हणून खालची दोन-चार काढून टोपलीत आणायचा. दुसऱ्या दिवशी उलट. सगळ्यांचा नंबर! ज्याचा नंबर कोंबडीखाली लागत नसे, ते त्याच्या काखेत.

आम्ही हौदामागे गेलो. लाल कोंबडी डोंगरावर बसल्यासारखी बसली होती आणि तिचा चेहरा अगदी माझ्यासारखा झाला होता. सासूबाईंनी एकेक अंडं उन्हाला धरून बघितलं. काही जुनी, काही कालची. मग त्या एकदम भिंतीला टेकल्या.

"काल मी टोपलीतली अंडी विकली."

"कुणाला?"

"बेकरीला. सरपंचाच्या बायकोला. फादरच्या स्वयंपाकिणीला." त्यांनी हातातलं अंडं खाली ठेवलं. "ताजी म्हणून."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी सासूबाईंना माझ्यासारख्या आवाजात बोलताना ऐकलं.

मला वाटलं, आता पुस्तकांचं काही खरं नाही. पण त्या बाईंसमोर स्टूल ओढून बसल्या. "आणा बघू ते पुस्तक. वाचा." बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं.

"पुस्तक वाईट नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पण त्या कोंबडीला पाणी प्यायला इतका वेळ कशाला लागतो? माझी असती तर तिचा रस्सा केला असता. पुढच्या शुक्रवारी दुसरं आण रे, रिगो. मगरीचं आण."

(मगरीही अंडीच घालतात. पण हे मी कुणाला सांगितलेलं नाही.)

तेवढ्यात डोन्या क्रूसनी सतापाची जुडी झटकली. "मुलाला काही झालेलं नाही. पण नजर मला जाणवली, ती खोटी नाही. या घरात त्याच्याकडे दिवसरात्र टक लावून कोण बघतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. लाल कोंबडीनंसुद्धा.

मला पलंगावर झोपवून माझ्या डोक्यापासून पायापर्यंत अंडं फिरवलं. या खेपेला दुकानातलं, खात्रीचं. पेल्यात इतके बुडबुडे आले, की डोन्या क्रूस म्हणाल्या, "हे धुण्याचं पाणी आहे का काळजी?"

आता घरट्यात सगळी जुनी अंडी परत ठेवली आहेत. एकच उरलं. कोंबडीनं ते चोचीनं बाहेर ढकललं, पुन्हा ठेवलं तर पुन्हा ढकललं. रिगोचा हात दुखतो, ओबदुलियोला मळ्यावर जायचं असतं, सासूबाईंना या वयात गुदगुल्या होतात. तेव्हा रिगोनंच निवाडा केला.

"आई, तू नाही तरी काळजी करत बसूनच असतेस. मग अंड्यावर बस ना."

म्हणून हे सगळं उजव्या हातानं लिहितेय आणि कागद सारखा सरकतोय. डावा हात मला उचलता येत नाही. तुम्ही बाजाराच्या रस्त्यानं जाणार असाल, तर कृपा करून वाटेत भेटेल त्याला सांगा: शुक्रवारी डोन्या तेन्चांकडून ज्यांनी ज्यांनी अंडी नेली, त्यांनी ती फोडू नयेत, उबेत ठेवावीत, आणि आतून डोळा दिसला तर माझ्या सासूबाईंचं नाव घेऊ नये, खुशाल माझं घ्यावं. आणि नर्सबाई दिसल्या तर त्यांनाही सांगा, की रिगोचा हात बरा आहे, पण उद्या तो आपल्या आईला घेऊन येतोय.