नावाचा गुंड

एकोडीच्या युवक मंडळाचा सचिव भुपेंद्र हटवार चव्वेचाळीस वर्षांचा होता. (युवक मंडळातून निवृत्त व्हायचं वय कोणी ठरवलेलंच नव्हतं.) धान घरात आलं, की मंडळ दरवर्षी कबड्डीचे सामने भरवी. यंदा पहिल्यांदाच सामने मुलींचे होते, कारण भुपेंद्रची मुलगी हर्षा हट्ट धरून बसली होती. गावातल्या जाणत्यांनी माना हलवत परवानगी दिली आणि बजावलं, "फजिती झाली, तर पोरीयचा खेळ कायमचा बंद."

फजिती होऊ नये म्हणून भुपेंद्रने एक लहानसा निर्णय घेतला. मागच्या वर्षी वर्गणीवरून लोकांनी त्याला फार छळलं होतं. त्याने नवी चप्पल घेतली, तरी माणसं आधी चपलेकडे आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत. म्हणून यंदा त्याने जाहीर केलं, "रोख नको. वस्तू स्पॉन्सर करा."

"हे सपनसर काय असते गा?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"घरात नवीकोरी पडलेली वस्तू बक्षीस म्हणून द्यायची, काकू. माइकवर तुमचं नाव घेऊ."

माइकवर नाव म्हटल्यावर अख्खं गाव उदार झालं. डबे आले, ताटं आली, पराती आल्या. भुपेंद्रच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. पाहुणा आला, तर त्याला दारातूनच चहा देऊन दारातूनच निरोप द्यावा लागे.

"लोकायनं इतकं सामान काहून देल्लं?" त्याची बायको करुणा म्हणाली.

"मन मोठं आहे लोकायचं."

"मन नाही, लग्नातले आहेर आहेत हे. भांड्यावरचे नावं पाहिले का?"

"बक्षीस घेणारी पोरगी नावं वाचत बसते का?" असं म्हणून भुपेंद्र हसला. (त्या आठवड्यातलं त्याचं ते शेवटचं हसू.)

सामन्यांच्या दिवशी मैदानाच्या कडेला टेबल मांडलं, त्यावर पांढरी चादर टाकली आणि भांडी रचली. माइक सुरू झाला. नाकाडोंगरीच्या मुली पहाटेच निघून आल्या होत्या. करुणा मैदानाच्या पलीकडच्या कडेला बायकांच्या गर्दीत बसली होती. वासुदेवरावांनी दिलेला डबा दुर्गाबाईंनी कौतुकाने उचलला, फिरवला आणि वाचला: 'चि. कौशल्यास, मावशी दुर्गाबाईकडून.'

कौशल्या ही दुर्गाबाईंची भाची आणि वासुदेवरावांची बायको.

"वासुदेवराव, हा डबा मी माह्या भाचीले देल्ला होता नं?"

"मावशी, जपून ठेवला होता. पाहा, अजून नवाच आहे."

"म्हणजे एक दिवस वापरला नाही माहा डबा!"

वासुदेवरावांनी समोरची परात उलटी केली. ती दुर्गाबाईंनी दिली होती. "मग हे काय आहे? 'वास्तुपूजनानिमित्त, वासुदेवराव व परिवाराकडून.' आमची परातही नवीच दिसून राहिली!"

हे सगळं माइकवरून गावभर ऐकू गेलं. मग काय विचारता! ज्याने त्याने धावत येऊन आपण कोणाला काय दिलं होतं आणि ते कोणी इथे आणून टाकलं, याची तपासणी सुरू केली. "माह्या हातचं आहे, मीच घरी नेतो," म्हणत एकेक जण आपलं भांडं बगलेत मारून निघाला. टेबल रिकामं झालं. शेवटी चादरवालाही चादर घेऊन गेला.

"सचिव, आता काय देता?" पंच धम्मदीप गळ्यातली शिट्टी चाचपत म्हणाला. "नाकाडोंगरीच्या पोरी काय टेबल घेऊन जातील?"

तिकडे जाणत्यांच्या माना पुन्हा हलायला लागल्या होत्या.

भुपेंद्र घरी पळाला. घरात बक्षीस म्हणून शोभेल अशी एकच वस्तू होती: करुणाच्या माहेरचा, पाणी भरायचा पितळी गुंड. ती तो चिंच लावून इतका लखलखीत घासायची, की भुपेंद्र त्यात बघून भांग पाडायचा. त्याला हात लावायची परवानगी मात्र हर्षालाही नव्हती. 'आपल्याच पोरी जिंकतील आणि गुंड घरचा घरी येईल,' असा हिशोब करून त्याने तो उचलला.

"पहिलं बक्षीस, पितळी गुंड!" त्याने माइकवर सांगितलं. "दात्यानं नाव गुप्त ठेवायले सांगतलं आहे."

सगळ्यात जोरात टाळ्या करुणाने वाजवल्या. लांबून तिला काय दिसणार?

अंतिम सामन्यात एकोडी मागे पडली, तसा भुपेंद्रने सचिवपणा सोडला आणि गावातल्या, पंचक्रोशीतल्या, होत्या नव्हत्या त्या सगळ्या देवांना आळवलं. शेवटच्या चढाईत हर्षा तिघींना बाद करून मातीत लोळत रेषेवर परतली. एकोडी जिंकली! जाणत्यांनीही टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षीचे सामने पक्के झाले.

करुणा लेकीला मिठी मारायला पुढे आली आणि गुंडापाशी थबकली. 'चि. करुणास, बाबांकडून.'

"हर्षाचे बाबा." ती एवढंच म्हणाली.

"अवो, जिंकलो नं आपण! घरीच येते तो!"

तेवढ्यात संघाची कप्तान रश्मी म्हणाली, "काका, गुंड टीमचा आहे. पाळीपाळीनं सगळ्यायच्या घरी ठेवू. हर्षाची पाळी शेवटी."

"शेवटी कायले?"

"सचिवाच्या घरी आधी गेला, तर लोक काय म्हणतील?"

गुंड रश्मीच्या घरी गेला. त्याआधी मंडळाने साकोलीला नेऊन त्याच्यावर 'बाबांकडून'च्या खाली आणखी एक ओळ कोरून घेतली: 'युवक मंडळ, एकोडीकडून सप्रेम भेट.'

त्या दिवसापासून हटवारांकडे पाणी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये आहे आणि ते आणायचं काम सचिवांकडे आहे. काल करुणा आठवड्यानंतर पहिल्यांदा आपणहून बोलली.

"पुढच्या वर्षी मी पण मंडळाले एक वस्तू देऊन राहिली. घरात नुसतीच पडून आहे."

"कोणती?" भुपेंद्रने उत्साहाने विचारलं.

करुणाने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

हर्षाही वहीतून मान वर करून बापाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आई, पहिल्या बक्षिसात नाही चालणार. उत्तेजनार्थ ठेवू."